आंबेखोलची शाळा

श्यामला हुपरीकर मुंबईत वास्तुकला शिकून कोल्हापूरला परतली, तेव्हा तिला नोकरी शोधावी लागली नाही. नोकरीच तिला शोधत आली. बाळासो सरनोबतांनी त्याच सुमारास गावात वास्तुकलेचं विद्यालय काढलं होतं. बाळासो म्हणजे मोठं प्रस्थ. पाण्याच्या सोसायटीपासून सूतगिरणीपर्यंत सगळीकडे त्यांचा शब्द चालायचा. "आमच्या पोरांनी नकाशे काढायला पुण्या-मुंबईला कशापायी जायाचं? हितं काय डोकी न्हाईत व्हय?" असं ते भर सभेत म्हणाले, टाळ्या पडल्या, आणि पुढच्या जूनमध्ये एका जुन्या गोदामात पार्टिशनं घालून वर्ग सुरू झाले. शिकवायला माणूस मिळत नव्हता. श्यामला रुजू झाली.

पहिली काही वर्षं ती जशी शिकली होती तसंच तिनं शिकवलं. तिसऱ्या वर्षाला समुद्रकाठच्या हॉटेलाचा नकाशा काढायला असायचा. वर्गातल्या निम्म्या पोरांनी समुद्र बघितलेला नव्हता. तरी पोरं हॉटेलं काढायची, निळ्या रंगाचा हात फिरवायची, नारळाची झाडं ठोकायची, आणि समुद्राकडं तोंड करून अख्खी काचेची भिंत उभी करायची. ती भिंत उन्हात तापेल, खारा वारा तिची चौकट खाईल, हे कुणी विचारत नसे. विचारायचं असतं हेच मुळी कुणी सांगितलेलं नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात ती मलकापूरला गेली होती. तिची थोरली बहीण तिथं दिलेली. घरात सगळे तिला अक्का म्हणत. अक्काचे यजमान शिक्षण खात्यात होते, आणि त्यांना त्या दिवशी आंबेखोल नावाच्या डोंगराकडच्या वाडीत जायचं होतं. श्यामला सहज म्हणून जीपमध्ये बसली.

आंबेखोलला नवी शाळा झाली होती. गुलाबी रंग, वर सपाट स्लॅब, पुढं सिमेंटचे दोन खांब. पण शाळेत चिटपाखरू नव्हतं. पोरं पलीकडच्या देवळात बसली होती. दाटीवाटीनं, पावसातली डोक्यावरची इरली खांबाला टेकवून ठेवलेली, आणि केरबा गुरुजी त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेत होते.

"गुरुजी, शाळा असताना देवळात का?" श्यामलानं विचारलं.

"जाऊन बघा की, पावणं," गुरुजी म्हणाले. "आत देवळापेक्षा जास्त पानी हाय."

ती जाऊन बघून आली. स्लॅबमधून पाणी टपटपत नव्हतं, धारच लागली होती. वरचं पाणी जायला वाट नव्हती, त्यामुळं छपरावर तळं साठलेलं. भिंतींना खालपासून कमरेएवढी ओल चढली होती, कारण डोंगरावरचा ओढा पूर्वापार जिथून जात होता तिथंच शाळेचा पाया घातला होता. ओढ्यानं आपली वाट सोडलेली नव्हती. तो वर्गातून जात होता.

"हा नकाशा कुणी काढला?"

"कुनास ठाऊक," गुरुजी म्हणाले. "शिरोळकडं माझा मेव्हना मास्तर हाय, त्याच्याबी गावात हीच शाळा हाय. रंगबी ह्योच. तिकडं पाऊस न्हाय, तिकडं बरी चाललीया म्हनं."

परतताना जीपमध्ये श्यामला तेच मनात घोळवत होती. दर वर्षी अंगभर चिखल होईपर्यंत पाऊस पडणारं गाव आणि पावसासाठी आभाळाकडं बघणारं गाव, दोन्हीला एकच नकाशा. आणि तो काढणारा माणूस कुठल्यातरी विद्यालयात, कुणाच्या तरी हाताखाली शिकलाच असेल. त्याला कुणी शिकवलंच नसेल की नकाशा कागदावर काढतात, पण इमारत मातीवर उभी राहते.

पुढच्या आठवड्यात ती प्राचार्यांकडे गेली. प्राचार्य वसंतराव मंडलिक सज्जन माणूस. कुणाला दुखवायचं नाही आणि कशात अडकायचं नाही, या दोन गोष्टी त्यांनी जन्मभर सांभाळल्या होत्या.

"पहिल्या वर्षाच्या मुलांना मी बाहेर नेणार," ती म्हणाली. "एक पावसाळा, एक उन्हाळा. पाणी कुठून येतं, कुठं जातं, वारा कसा वाहतो, दगड कुठला, लाकूड कुठलं, हे आधी बघायचं. मग पेन्सिल हातात घ्यायची."

"श्यामलाबाई, हे सगळं भूगोलात येतं."

"भूगोलात येतं ते इमारतीत येत नाही, म्हणून तर म्हणते."

वसंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अभ्यासक्रमात नाही. परीक्षेत नाही. मी नाही म्हणत नाही, पण हो म्हणालो असंही कुठं सांगू नका. शनिवार घ्या."

असा तो शनिवारचा वर्ग सुरू झाला. पोरं कुरकुरली. दुसऱ्या गावच्या विद्यालयातली पोरं सिनेमा थिएटरं काढतात, आणि आम्ही ओढ्याचा चढउतार मोजत हिंडतोय, असं उघड बोलायला लागली. काहींच्या बापांनी बाळासोंपर्यंत गाऱ्हाणं नेलं. बाळासो श्यामलाला रस्त्यात भेटले तेव्हा हसून म्हणाले, "बाई, पोरास्नी चिखल तुडवायला लावलासा म्हनं. अवो, चिखलातनं वर काढाय म्हणूनच की आमी शाळा घाटली!"

पण त्या पहिल्याच तुकडीत मलिका मुजावर होती.

मलिकाचे वडील लालासाब मुजावर यांचं बिंदू चौकाजवळ फोटोला फ्रेम करून द्यायचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, मक्केचे फोटो, लग्नातली जोडपी, गेलेली माणसं, सगळ्यांना ते सारख्याच मायेनं काचेत बसवायचे. मुलगी चित्रं छान काढते म्हणून त्यांनी तिला या विद्यालयात घातली. नातेवाईक नावं ठेवत होते, ते कानाआड केलं. त्यांच्या जमातीतली या विद्यालयात आलेली ही पहिलीच मुलगी.

मलिका फार बोलायची नाही. बघत राहायची. वर्ग आंबेखोलला पहिल्यांदा गेला तेव्हा बाकीची पोरं गुरुजींच्या चहाभोवती जमली, आणि ही एकटी शाळेभोवती फिरत राहिली. परत आली ती थेट श्यामलापाशी.

"बाई, ओढा बंद करायला नको. ओढा बाजूनं घेतला तर पोरांना पाणी भरायला खाली जायला लागणार नाही."

श्यामलानं तिच्याकडं बघितलं. ओढा चुकवायचा, एवढंच तिनं स्वतः ठरवलं होतं. तो कामाला येईल असं तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मलिकाचं ते गाव झालं. पुढची सगळी वर्षं ती सुट्टीत एसटीनं मलकापूरला जायची, तिथून चालत आंबेखोलला. कधी धाकट्या भावाला बरोबर घ्यायची, कधी श्यामला असायची. अक्काच्या घरी मुक्काम पडायचा, आणि अक्का तिच्या ताटात भात वाढता वाढता म्हणायची, "शाळा बांधतीयास का संसार मांडतीयास गं तिथं?"

शेवटच्या वर्षी एका इमारतीची पूर्ण रचना करायची असे, त्यालाच प्रबंध म्हणत; मलिकानं त्यासाठी आंबेखोलची शाळाच घेतली. श्यामलानं आधी तिला सावध केलं. बाकीचे विमानतळ घेतात, इस्पितळं घेतात, परीक्षकांना ते आवडतं. मलिका म्हणाली, "विमानतळ मी बघितलेला नाही, बाई." पाच वर्षं श्यामला याच वाक्याची वाट बघत होती.

कागदावर शाळा सुरेख झाली होती. जांभ्या दगडाच्या भिंती, उंच जोतं, वर उतरतं कौलारू छप्पर आणि ते भिंतीच्या कितीतरी पुढं आलेलं, म्हणजे झड आत यायची नाही. पुढं रुंद पडवी, पावसाळ्यात पोरांना खेळायला. छपरावरचं पाणी दगडी चरातून ओढ्याला, आणि ओढा शाळेला वळसा घालून खालच्या शेताला. सगळं सामान पंचक्रोशीतलं. मॉडेल करताना तिनं आंबेखोलची लाल माती पिशवीतून आणली होती. लालासाबांनी नकाशांना कडेनं पातळ लाकडी पट्टी मारून दिली. मुलीच्या कामाला त्यांचा तेवढाच हात लागला.

परीक्षक पुण्याहून आले होते. मोठं नाव, मोठ्या इमारती. ते मलिकाच्या मॉडेलसमोर थांबले.

"हे काय आहे?"

"शाळा, सर."

"मला गोठा वाटला." मागं उभी असलेली पोरं हसली. "स्ट्रक्चर कुठं आहे यात? नवीन काय आहे? पाच वर्षं शिकून तू कौलारू घर काढलंस? ते तर खेड्यातला कुणीही बांधतो."

"कुणी बांधत नाही, सर," मलिका म्हणाली. "आता तिथं स्लॅबची शाळा आहे. ती गळते."

"गळते ती वॉटरप्रूफिंग नीट नाही म्हणून. त्यासाठी दोनशे वर्षं मागं जायचं कारण नाही."

श्यामला अंतर्गत परीक्षक म्हणून शेजारीच बसली होती. ती उठली. तिनं पावसाचे आकडे सांगितले, ओढा सांगितला, देवळात बसलेली पोरं सांगितली. बोलता बोलता तिचा आवाज चढला. परीक्षकांनी ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाले, "बाई, आता माझ्या लक्षात आलं. हा प्रबंध या मुलीचा नाही, तुमचा आहे. तुमची मतं हिच्या हातून काढून घेतलीत तुम्ही."

मलिका नापास झाली.

मलिकाला हे कळलं तेव्हा ती रडली नाही. तिनं मॉडेल कापडात बांधलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाब श्यामलाच्या घरी आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. श्यामलाला वाटलं आता हे भांडणार. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

"बाई, पोरीचं काय चुकलं तेवढं सांगा," ते म्हणाले. "मला त्यातलं काय कळत न्हाय. तिला इचारलं तर म्हंती, काय चुकलं न्हाय. काय चुकलं न्हाय तर नापास कशी?"

"तिचं काही चुकलं नाही, लालासाब."

"मग तुमचं काय चुकलं?"

त्यांनी साध्या मनानं विचारलं होतं. श्यामला त्यांच्यासाठी चहा टाकायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली.

वसंतरावांनी मधला रस्ता काढला. त्यांनी परीक्षकांना गाठलं, बाळासोंना फोन करायला लावला, आणि ठरलं असं, की मलिकानं महिन्याभरात नवा प्रबंध द्यावा. शाळाच असू दे, पण आजच्या काळातली. काँक्रीटची. तसं केलं तर वर्ष वाचेल.

"नाहीतर?" श्यामलानं विचारलं.

"नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच परीक्षक," वसंतराव म्हणाले. "आणि घरची मंडळी वर्षभर थांबतील? तिला मागणी आलीय असं ऐकतो. तुम्ही तिच्याशी बोला. तुमचं ऐकेल ती."

श्यामला बोलली. रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर दोघी बसल्या होत्या, संध्याकाळचं ऊन पाण्यावर होतं, भेळेच्या गाड्या लागत होत्या. मलिकानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे स्लॅबची काढू?"

"काढ. आधी पास हो. हातात कागद आला की तुला कोण विचारणार? मग तुला हव्या तशा शाळा बांध. शंभर बांध."

"तुम्ही असतात तर काढली असती?"

श्यामला म्हणाली, "हो."

खरं काय ते तिचं तिला ठाऊक नव्हतं. मलिका पाण्याकडं बघत होती. मग म्हणाली, "बरं." एवढंच.

तिनं काढली. सपाट स्लॅब, पुढं सिमेंटचे खांब, मोठ्या खिडक्या, वर पाण्याची टाकी. झटकन काढली, सफाईनं काढली, आणि पहिल्या वर्गात पास झाली. परीक्षकांनी मुद्दाम निरोप धाडला की मुलगी हुशार आहे, तिला योग्य वळण लागलं. तिचं पहिलं मॉडेल पुढं लालासाबांच्या दुकानातल्या माळ्यावर राहिलं. मग दुकानाला रंग देताना ते कुणीतरी टाकून दिलं.

मलिकाचं लग्न झालं. नवरा अल्लाउद्दीन बँकेत होता, समजूतदार होता, बायकोनं नोकरी करावी असं त्याला वाटायचं. तिला एका सरकारी बांधकाम कचेरीत जागा मिळाली. श्यामलाला त्या दिवशी फार बरं वाटलं. आपला माणूस आत गेला, असं ती अक्काला म्हणाली.

त्यानंतर शनिवारच्या वर्गाची रया गेली. मलिकाचं काय झालं ते सगळ्या विद्यालयाला ठाऊक होतं. पोरं यायची, पण बाईंचा मान ठेवायला म्हणून. मोजमापं घ्यायची आणि सोमवारी हॉटेलं काढायला बसायची. प्रबंधाला कुणी खेडं घेतलं नाही. श्यामलानंही कुणाला घे म्हटलं नाही. म्हणायचा धीर झाला नाही.

आणि एक्याऐंशी साली अचानक सगळं पालटल्यासारखं झालं. पर्यावरण हा शब्द पेपरात यायला लागला, मंत्री भाषणात बोलायला लागले, आणि वरून पत्रक आलं की वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात हा विषय घालायचा आहे. समिती नेमली. या भागात या विषयाबद्दल कुणी काही केलंय का, असं विचारल्यावर वसंतरावांनी श्यामलाचं नाव दिलं.

ती बैठकीला गेली तेव्हा कित्येक वर्षांत पहिल्यांदा नीट झोपून, नवी साडी नेसून गेली. तिनं सगळं मांडलं. मुलांनी एक वर्ष एका गावाबरोबर काढायचं. पाऊस, ऊन, माती, पाणी, माणसं. शेवटी पेपर नाही. त्या गावाला हवं ते एक काहीतरी बांधून द्यायचं, पाणवठा असो की शाळेची पडवी.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकानं विचारलं, "पण परीक्षा कशी घ्यायची?"

"परीक्षा नकोच."

"परीक्षा नसेल तर मुलं शिकतील कशाला?" दुसरे म्हणाले. आणि तिसरे म्हणाले, "मॅडमची तळमळ आम्हाला मान्य आहे. पण एकसारखेपणा पाहिजे. सगळ्या विद्यालयांना झेपेल असं पाहिजे."

विषय मंजूर झाला. लेखी पेपर, शंभर गुणांचा. व्याख्या द्या, टिपा लिहा, फरक स्पष्ट करा. गावाला जाणं ऐच्छिक ठेवलं, म्हणजे कुणी जाणार नव्हतं. श्यामलानं त्या कागदावर सही केली. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि म्हणतानाच तिला रंकाळ्याचा कट्टा आठवला.

शनिवार बंद झाला. आता ती वर्गात टिपणं सांगायची. मुलं लिहून घ्यायची. त्या टिपणांवरून एका प्रकाशकानं गाइड छापलं आणि ते हातोहात खपलं. पुढच्या वर्षी परीक्षा लांबल्या आणि ऐन पावसात आल्या. श्यामला पेपरावर देखरेखीला होती. बाहेर धो धो लागलेली, पश्चिमेच्या खिडक्यांतून पाणी आत येऊन उत्तरपत्रिका भिजायला लागल्या, तेव्हा पिराजी शिपायानं धावत येऊन त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. मुलांनी बाकं पूर्वेच्या भिंतीकडं सरकवली आणि खाली मान घालून लिहायला लागली. प्रश्न होता, कोल्हापूर भागात पावसाळी वारे कोणत्या दिशेने येतात आणि इमारतीच्या रचनेत त्याची दखल कशी घ्यावी.

उत्तरपत्रिका तपासायला तिच्याकडेच आल्या. पहिल्या मुलानं लिहिलं होतं, पूर्वेकडून. दुसऱ्यानं, पूर्वेकडून. ती पानं उलटत गेली. गाइडात छपाईची चूक होती, आणि जवळजवळ अख्ख्या वर्गानं ती चूक जशीच्या तशी लिहिली होती. या गावात जन्मलेली, दर पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतींना झड लागलेली बघत वाढलेली पोरं. ज्या पावसापासून बाकं हलवली तोच पाऊस त्यांनी उलट्या दिशेनं आणला होता.

तिनं गुण दिले नाहीत. गठ्ठा वरून परत आला. वसंतरावांनी तिला बोलावून घेतलं. ते आता निवृत्तीला आले होते, आवाज आणखी मऊ झाला होता. "गाइडात तसं आहे ना, बाई. मुलांचा काय दोष? वरून सांगितलंय, गुण द्या म्हणून."

"सर, खिडकी तरी उघडायची होती त्यांनी."

"खिडकीबाहेर बघितलं तर कॉपी धरतात," वसंतराव म्हणाले, आणि आपण विनोद केला की काय असं वाटून स्वतःच ओशाळले.

तिनं गुण दिले.

त्र्याऐंशीच्या श्रावणात आंबेखोलच्या शाळेचा स्लॅब कोसळला. रविवार होता, शाळेत कुणी नव्हतं. तसाही पावसाळ्यात कुणी नसायचंच. दोन महिन्यांनी केरबा गुरुजी स्वतः कोल्हापूरला आले. आता पार वाकले होते, पण डोळ्यांत चमक होती.

"बाई, पडली एकदाची! आता नवी मंजूर झालीया. तुमची ती पोरगी कचेरीत हाय न्हवं? तिनं काढल्याली शाळा ध्यानात हाय माझ्या. चला, तिला सांगू या."

श्यामलाच्या अंगात पुन्हा बळ आलं. ती गुरुजींना घेऊन त्याच दिवशी कचेरीत गेली. मलिका मोठ्या टेबलामागं बसली होती. चष्मा लागला होता, अंग भरलं होतं. ती लगबगीनं उठली, दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला, अक्काची चौकशी केली. मग श्यामलानं विषय काढला.

मलिकानं कपाटातून गुंडाळी काढून टेबलावर पसरली. सपाट स्लॅब, पुढं दोन खांब. खाली तिची सही होती.

"गेल्या आठवड्यातच गेला, बाई."

"तू सही केलीस?"

"मंजूर नकाशा एकच आहे. सगळ्या जिल्ह्याला तोच जातो."

"पण तुला माहीत आहे. तुझ्याइतकं त्या गावाचं कुणाला माहीत नाही. तू लिहून तर बघ वर."

"लिहिलं होतं," मलिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दुसऱ्या दोन गावांसाठी लिहिलं होतं, नोकरी लागली तेव्हा. कौल यादीत बसत नाही, जांभा यादीत बसत नाही, ओढ्याला यादीत रकानाच नाही. साहेब म्हणाले, तुमच्यामुळं काम अडलं. दोन्ही गावांचा पैसा परत गेला. तिथं अजून शाळाच नाही, बाई. गळकीसुद्धा नाही." तिनं नकाशा गुंडाळला. "निदान ही होईल."

केरबा गुरुजी कधी हिच्याकडं, कधी तिच्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे पुन्ना स्लॅबच व्हय?"

गुरुजींनी बशीतला चहा संपवला.

शाळा उन्हाळ्यात पुरी झाली. जुना पाया शाबूत होता म्हणून त्याच पायावर. उद्घाटनाला बाळासो आले, नारळ फोडला, आणि डोंगरातल्या लेकरांना आता पक्कं छप्पर मिळालं असं बोलले. धोंडुबाई म्हणून सरपंचाची आई होती, तिच्या हातून सगळ्यांना पेढे वाटले. श्यामला गुरुजींच्या आग्रहाखातर गेली होती. ती मागच्या खुर्चीवर बसली. आत शिरताना तिला कोरडा ओढा दिसला होता. तो भिंतीपर्यंत येऊन थांबल्यासारखा दिसत होता.

"पाऊस लागला की देवळात बसवू," गुरुजी तिच्या कानाशी म्हणाले. "माझी तर नोकरी संपली की आता. नव्या मास्तरला सांगून ठिवलंय."

कचेरीतर्फे मलिकाही आली होती; परतताना तिनं श्यामलाला आपल्या जीपमध्ये घेतलं. मलकापूर मागं पडलं, बांबवड्याच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललं होतं तिथं जीप बराच वेळ उभी राहिली. दोघी खिडकीतून धूळ बघत बसल्या.

"मला इचलकरंजीला बदली मिळतीय," मलिका म्हणाली. "यंत्रमागवाल्यांची वसाहत होणार आहे. सहाशे घरं."

"नकाशा?"

"आलाय वरून."

श्यामलानं मान हलवली. मलिकाच पुढं म्हणाली, "बाई, तुम्ही अजून शिकवता ना तो विषय?"

"शिकवते की. आता दोन पेपर झालेत त्याचे."

"माझ्या हाताखाली तुमची दोन पोरं लागलीत यंदा. चांगले गुण आहेत दोघांना त्या पेपरात." श्यामलाला वाटलं ती आणखी काही बोलेल. त्या पोरांना तू जागा बघायला पाठवतेस का, असं श्यामलाच्याही ओठांवर आलं होतं. पण मलिका ड्रायव्हरला म्हणाली, "बघा जरा पुढं, किती वेळ आहे अजून," आणि ड्रायव्हर उतरून गेला.

जीप गावात पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. श्यामला आपल्या गल्लीच्या तोंडाशी उतरली. मलिकाही खाली उतरली, वाकून नमस्कार केला, आणि ती वर होताना श्यामलानं तिचा हात धरून ठेवला.

"इचलकरंजीला उन्हाळा फार असतो गं," ती म्हणाली. "जपून राहा."

"होय, बाई."

जीप निघून गेली. श्यामला घरी आली. उद्याच्या तासाला नैसर्गिक निचरा हा धडा होता. तिनं हातपाय धुतले, टेबलाशी बसली, आणि मुलांना लिहून घ्यायला सोपी जातील अशी वाक्यं जुळवायला लागली.